बार्शी ते लिआँ : कर्करोगविषयक ज्ञानाची देवाणघेवाण

कर्करोगावरील उपचारांची चर्चा निघाली की, नवे ज्ञान परदेशात निर्माण होते आणि आपल्याकडे ते सावकाश पोहोचते, असा सर्वसाधारण समज आढळून येतो. हा समज पूर्णपणे निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत तो अपुरा आहे. या रोगाच्या प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आज जो मार्ग आखून दिला आहे, त्याच्या पायाशी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेल्या धाराशिव, म्हणजे २०२३ पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे आहेत. या गावांतील लक्षावधी स्त्रियांच्या सहभागातून जे ज्ञान हाती आले, ते मुंबईमार्गे फ्रान्समधील लिआँ या शहरात आणि तेथून सर्व जगात गेले. हे कसे घडले आणि त्या ज्ञानाचा लाभ मूळ गावांना कितपत मिळतो, या दोन्ही प्रश्नांचा विचार ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

रोगाचे स्वरूप

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा टाळता येण्याजोगा कर्करोग आहे. तरीही २०२२ या वर्षी जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याला बळी पडल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांची व जवळजवळ ८० हजार मृत्यूंची भर पडली. यांतील बहुसंख्य स्त्रिया संसाराची व शेतीची जबाबदारी अंगावर असलेल्या वयातील असतात. त्यामुळे प्रत्येक मृत्यूबरोबर एका कुटुंबाची घडी विस्कटते.

या रोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूंत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास या विषाणूचे दोन प्रमुख प्रकार कर्करोगाच्या पेशींतून वेगळे काढले. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु एका प्रयोगशाळेतील निष्कर्ष सर्व देशांतील स्त्रियांना लागू पडतो की नाही, हे ठरविण्यासाठी अनेक देशांच्या सहकार्याची गरज होती. २२ देशांतून गोळा केलेल्या सुमारे एक हजार नमुन्यांच्या तपासणीनंतर १९९९ साली असे दिसून आले की, या कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात हा विषाणू आढळतो.

विषाणूचा संसर्ग अतिशय सामान्य असतो आणि बहुतेक स्त्रियांत तो आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या स्त्रियांच्या शरीरात मात्र तो टिकून राहतो. मग गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात व त्यांचे रूपांतर कर्करोगात होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. या प्रदीर्घ काळात स्त्रीला कसलाही त्रास जाणवत नाही. परंतु याच काळात तपासणी झाली, तर पेशींतील दोष ओळखता येतो व अतिशीत उपचाराने किंवा उष्णता देऊन तो भाग नष्ट करता येतो. त्यासाठी मोठ्या शस्त्रक्रियेची आवश्यकता नसते. रक्तस्राव वा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाल्यावर आलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र बहुधा पुष्कळ उशीर झालेला असतो.

नोंदीपासून प्रारंभ

कोणत्याही रोगाशी लढा द्यावयाचा तर तो कोठे, कोणाला आणि किती प्रमाणात होतो, याची विश्वसनीय नोंद असावी लागते. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५०च्या दशकात आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद भूषविले. विशिष्ट समाजांत विशिष्ट कर्करोग अधिक का आढळतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. एका निश्चित लोकसंख्येतील सर्व रुग्णांची नोंद ठेवणारी भारतातील ही पहिली व्यवस्था होय. याच सुमारास, १९६५ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्य कार्यालय लिआँ येथे आहे. जगभरातील नोंदी एकाच पद्धतीने तपासून त्या एकत्र प्रसिद्ध करणे हे तिच्या प्रमुख कार्यांपैकी एक कार्य आहे.

शहरातील नोंदीवरून खेड्यांची स्थिती कळत नव्हती. ती उणीव बार्शीने भरून काढली. डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नाने बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय उभे राहिले होते. १९८७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली.

या नोंदणीची पद्धत आगळी होती. शहरात रुग्णालयांच्या दप्तरांवरून माहिती मिळू शकते. खेड्यात मात्र अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. यास्तव नोंदणीचे कार्यकर्ते ठराविक कालावधीने गावोगाव जात, ग्रामस्थांच्या बैठका घेत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीस येण्यास प्रवृत्त करीत. याचा परिणाम केवळ नोंदवह्या भरण्यापुरता मर्यादित राहिला नाही. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या. हा अनुभव १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महागडी यंत्रसामग्री नसतानाही लोकशिक्षणाने रोगाचे निदान अलीकडे आणता येते, हा बार्शीने जगाला दिलेला पहिला धडा होय.

बावन्न ग्रामसमूहांतील अभ्यास

नोंदणीमुळे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट झाले. आता त्याचे उत्तर शोधावयाचे होते. पाश्चात्त्य देशांत डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी विकसित केलेल्या पॅप तपासणीमुळे या रोगाचे प्रमाण पुष्कळ घटले होते. या तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. तिच्यासाठी निष्णात तंत्रज्ञ, सुसज्ज प्रयोगशाळा आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासणी ही सर्व व्यवस्था लागते. ग्रामीण भारतात अशी व्यवस्था उभी करणे कठीण होते. दुसरी पद्धत अगदी साधी होती. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखा द्रव लावावयाचा व काही क्षणांनी तेथे पांढरा चट्टा उमटतो काय, हे नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. तिसरी पद्धत प्रत्यक्ष विषाणूचा शोध घेणारी, म्हणजे एचपीव्ही तपासणीची होती. या तिन्हींपैकी कोणती पद्धत खेड्यातील स्त्रीचा जीव वाचवू शकते, याचे उत्तर त्या वेळी जगात कोणाजवळही नव्हते.

हे उत्तर शोधण्यासाठी तीन संस्था एकत्र आल्या. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र व लिआँची आंतरराष्ट्रीय संस्था अशी ही त्रयी होती. डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि लिआँ येथे कार्यरत असलेले केरळचे डॉ. आर. शंकरनारायणन हे त्यांतील प्रमुख होत. आर्थिक साहाय्य अमेरिकेतील एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडून मिळाले. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात कामाला आरंभ झाला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यासात समावेश करण्यात आला. ग्रामसमूहांची विभागणी चार गटांत केली गेली. तीन गटांत प्रत्येकी एक तपासणी पद्धत योजण्यात आली. चौथ्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती व तपासणी कोठे होऊ शकते याचे मार्गदर्शन एवढेच देण्यात आले.

कामाचा भार प्रामुख्याने प्रशिक्षित साहाय्यक परिचारिकांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी उचलला. घरोघरी जाऊन स्त्रियांशी बोलणे, गावातच तपासणीची सोय करणे व दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढील उपचार मिळवून देणे, अशी ही साखळी होती. विषय संकोचाचा असूनही निमंत्रित स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया तपासणीस आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्यात वयाने मोठ्या व शिक्षणाची संधी न मिळालेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, असेही अभ्यासात आढळून आले.

निष्कर्ष व त्यांचा प्रसार

सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये, या अभ्यासाचे निष्कर्ष अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटातील ३१ हजार ४८८ स्त्रियांपैकी ६४ स्त्रियांचा या कर्करोगाने मृत्यू झाला होता. एचपीव्ही तपासणीच्या गटात स्त्रियांची संख्या त्याहून अधिक, म्हणजे ३४ हजार १२६ असूनही मृत्यू ३४ होते. विकोपाला गेलेल्या रोगाच्या रुग्ण स्त्रियांची संख्या पहिल्या गटात ८२, तर दुसऱ्या गटात ३९ होती. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. ज्या स्त्रियांच्या शरीरात विषाणू आढळला नाही, त्यांच्यात पुढील काळात कर्करोगाचे प्रमाण अत्यल्प राहिले. अशा स्त्रियांची वारंवार तपासणी करण्याचे कारण नाही, हेही त्यावरून सिद्ध झाले. पॅप तपासणी व व्हिनेगरची तपासणी यांच्या गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

एकाच ठिकाणच्या अनुभवावरून अंतिम निर्णय घेणे योग्य नसते. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या अशाच एका अभ्यासात व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली आढळले होते. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन हीच तपासणी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत केली. तेथे मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. साध्या पद्धतीने तपासणी करावयाची तर प्रशिक्षण उत्तम हवे आणि कामात सातत्य हवे, असा बोध या तिन्ही अनुभवांची तुलना केल्यावर होतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या तज्ज्ञांनी आपले यश आणि अपयश सारख्याच मोकळेपणाने एकमेकांपुढे मांडले, म्हणूनच ही तुलना शक्य झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारित मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. ३० वर्षांच्या वयापासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी करावी, अशी शिफारस त्यांत आहे. तपासणीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, हे त्यात मान्य करण्यात आले आहे. ज्या पुराव्यांच्या आधारे ही सूत्रे ठरली, त्यांत उस्मानाबादच्या अभ्यासाचे स्थान महत्त्वाचे आहे.

नीतीचा प्रश्न

या अभ्यासांची दुसरी बाजू दृष्टिआड करणे उचित होणार नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी देण्यात आली नव्हती आणि त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू झाला. यावरून पुढे वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने तीव्र वाद झाला. पॅप तपासणीची उपयुक्तता जगात मान्य झालेली असताना असा गट ठेवणे अन्यायाचे होते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्या काळी ग्रामीण भारतात कोणतीही नियमित तपासणी उपलब्ध नव्हती व कोणती पद्धत उपयोगी ठरेल याचा पुरावा तुलनेशिवाय मिळाला नसता, असे संशोधकांचे प्रतिपादन होते. या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु त्यातून एक कर्तव्य निश्चितपणे निष्पन्न होते. ज्या स्त्रियांच्या सहभागामुळे व काहींच्या प्राणांच्या मोलाने हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांना तरी त्याचा लाभ मिळालाच पाहिजे. तसेच कोणत्याही अभ्यासात सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत पूर्ण माहिती देऊन मगच तिची संमती घेणे, ही आंतरराष्ट्रीय सहकार्याची पहिली अट ठरली पाहिजे.

खंडित अभ्यासाचे फलित

याच सहकार्याचा दुसरा अध्याय लसीचा आहे. एचपीव्ही प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रांऐवजी दोन मात्रा पुरेशा होतात काय, हे पाहण्यासाठी लिआँच्या संस्थेने २००९ साली भारतातील नऊ केंद्रांच्या साहाय्याने १० ते १८ वर्षे वयाच्या मुलींचा अभ्यास सुरू केला. महाराष्ट्रातून बार्शी व पुणे ही केंद्रे त्यात होती. दरम्यान देशातील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पातील काही मृत्यूंमुळे व तेथे संमती घेण्याच्या पद्धतीमुळे गंभीर प्रश्न उपस्थित झाले. ते मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे चौकशीत दिसून आले. तथापि एप्रिल २०१० मध्ये केंद्र शासनाने या लसीचे देशातील सर्व अभ्यास थांबविले. त्या वेळेपर्यंत नऊ केंद्रांतील १७ हजार ७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळू शकली.

अभ्यास खंडित झाला म्हणून शास्त्रज्ञांनी या मुलींचा पाठपुरावा सोडून दिला नाही. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूच्या दोन प्रमुख प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एकच मात्रा ९५ टक्के परिणामकारक ठरली. दोन वा तीन मात्रांचे संरक्षण याहून अधिक नव्हते. केनिया व कोस्टारिका या देशांतील अभ्यासांतूनही असेच चित्र पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचे वेळापत्रकही ग्राह्य असल्याचे जाहीर केले. मात्रांची संख्या घटली म्हणजे खर्च घटतो आणि त्याच निधीत अधिक मुलींपर्यंत पोहोचता येते. गरीब राष्ट्रांच्या दृष्टीने हा लाभ केवढा मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या स्वदेशी लसीलाही २०२२ साली मान्यता मिळाली.

ज्ञानाचा परतीचा प्रवास

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या रोगाच्या निर्मूलनाचे धोरण स्वीकारले. २०३० सालापर्यंत प्रत्येक देशाने तीन उद्दिष्टे गाठावीत, अशी अपेक्षा आहे. ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची ३५ व पुन्हा ४५ वर्षांपर्यंत खात्रीची तपासणी व्हावी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार मिळावेत, ही ती उद्दिष्टे होत.

या पार्श्वभूमीवर वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, भारतातील ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २ टक्क्यांहूनही कमी स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. जगाला तपासणीचे महत्त्व ज्या देशातील खेड्यांनी पटवून दिले, त्याच देशातील हे प्रमाण आहे. केंद्र शासनाने २०१६ साली आखून दिलेल्या कार्यपद्धतीत ३० वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरच्या पद्धतीने तपासणी करण्याची तरतूद आहे. तिची यशस्विता दिंडिगल व मुंबई येथील धडे किती काटेकोरपणे पाळले जातात, यावर अवलंबून राहील.

तज्ज्ञांचे कार्य ज्या सीमेवर थांबते, तेथून गावाच्या नेतृत्वाचे कार्य सुरू होते. उस्मानाबादच्या अनुभवाचा आधार घेऊन पुढील गोष्टी प्रत्येक गावात करता येण्यासारख्या आहेत.

ग्रामपंचायतीने महिला ग्रामसभेपुढे हा विषय मांडावा व तेथे बोलण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील महिला कर्मचाऱ्यांना पाचारण करावे. ग्राम आरोग्य समितीने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने ३० वर्षांवरील स्त्रियांची यादी तयार करावी आणि तपासणी झालेल्या व न झालेल्या स्त्रियांची नोंद ठेवावी. वयस्क व निरक्षर स्त्रिया मागे राहतात हे माहीत असल्याने त्यांच्या घरी प्रथम जावे. तपासणीचा दिवस सुगीच्या वा लग्नसराईच्या धामधुमीत येऊ देऊ नये. तपासणीसाठी आडोसा असलेली स्वच्छ जागा उपलब्ध करून द्यावी.

शिक्षकांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. मुलींच्या लसीकरणाबाबत पालकांच्या मनात शंका असणे स्वाभाविक आहे. त्या शंका पालक सभेत धीराने ऐकून घेऊन, आवश्यक तेथे डॉक्टरांच्या मदतीने, त्यांचे निरसन करणे हे काम शिक्षकाइतके विश्वासाने दुसरे कोणी करू शकणार नाही.

अधिकारीवर्गाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरविणे जरूर आहे. किती स्त्रियांची तपासणी झाली, हा आकडा अहवालात ठळकपणे येतो. दोष आढळलेल्यांपैकी किती स्त्रियांवर उपचार पूर्ण झाले, हा आकडा बहुधा मागे पडतो. उपचाराविना तपासणी व्यर्थ होय. संशयित स्त्रीला तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत नेणे, तिच्या प्रवासाची सोय पाहणे व ती परत आल्यावर तिची विचारपूस करणे, यांची जबाबदारी निश्चित व्यक्तीवर सोपविली गेली पाहिजे.

बार्शी परिसरातील नोंदणी कार्यकर्त्यांनी ३४६ गावांत बैठका घेतल्या, त्या वेळी त्यांच्याजवळ ना एचपीव्ही तपासणी होती ना लस. लोकांशी बोलण्याची चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते आणि तेवढ्याने रुग्ण लवकर येऊ लागले. आज साधनांची संख्या वाढली आहे. त्या साधनांची उपयुक्तता तपासून पाहण्यासाठी ज्या स्त्रियांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या गावच्या शिबिरात संकोच बाजूला ठेवून पाऊल टाकले, त्यांच्या ऋणाची फेड प्रत्येक गावातील तपासणीची यादी पूर्ण करूनच होऊ शकेल.